आमच्या टाउनशिपमधे १२० मेगावॉटचं सोलर येतंय, कराचं गणित समजून घ्यायचंय

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही ओहायोमधे राहतो, कोलंबसपासून तासाभरावर, सगळा मका आणि सोयाबीनचा भाग. आमच्या टाउनशिपमधे (म्हणजे काउंटीखालचा छोटा ग्रामीण विभाग) १२० मेगावॉटचा सोलर प्रकल्प यायचाय, पाच-सहा शेतकरी जमीन लीजवर देतायत. गावात सरळ दोन तट पडलेत. चांगली जमीन पॅनलखाली जाते, निचऱ्याचे पाइप तुटतात, घरासमोरचं दृश्य बदलतं, हे मुद्दे आहेतच आणि त्यावर भांडून झालंय. पण तीन आठवड्यांनी काउंटी कमिशनर्ससमोर (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा, कारभार बघणारे निवडून आलेले लोक) जे हिअरिंग आहे ते फक्त कराबद्दल आहे, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की कायदा कोणीच धड वाचलेला नाही. मीही नव्हता, आता दोन रात्री बसून वाचला.

तर ओहायोत २०१० पासून असा कायदा आहे की प्रकल्पाला 'क्वालिफाइड एनर्जी प्रोजेक्ट' म्हणून मान्यता मिळाली की त्याच्या यंत्रसामग्रीवर नेहमीचा प्रॉपर्टी टॅक्स लागत नाही, त्याऐवजी दर मेगावॉटला वर्षाला ठरलेली रक्कम भरायची. सोलरला ७,००० डॉलर. म्हणजे आमच्याकडे वर्षाला ८,४०,०००. मोठ्या प्रकल्पांना हे मिळायचं तर काउंटी कमिशनर्सचा ठराव लागतो, आणि ठराव करताना ते वरून आणखी रक्कम मागू शकतात, मात्र दोन्ही मिळून मेगावॉटला ९,००० च्या वर जाता येत नाही. म्हणजे जास्तीत जास्त १०,८०,०००. शिवाय बांधकामावरच्या कामगारांत किमान ८० टक्के ओहायोचे रहिवासी हवेत, रस्ते-पूल खराब केले तर दुरुस्त करून द्यायचे, फायर डिपार्टमेंटला ट्रेनिंग द्यायचं, अशाही अटी आहेत.

विरोधक म्हणतात ही कंपन्यांना दिलेली करमाफी आहे. बाजूचे म्हणतात फुकटचे दहा लाख येतायत, घ्या. माझी बायको इथल्याच शाळेत शिकवते (हे आधीच सांगून टाकतो, माझा जीव त्यात अडकलाय) आणि शाळेची लेव्ही, म्हणजे शाळेसाठीचा जादा कर, मतदानात दोनदा पडलीय. त्यामुळे मला खरंच समजून घ्यायचंय की हा सौदा कसा आहे. दुसऱ्या राज्यांत काय कायदे आहेत, तिथे राहणाऱ्यांचा काय अनुभव? मला तीन मिनिटं बोलायला मिळणार आहेत.

कोरडवाहू

चांगला धागा. आम्ही इलिनॉयमधे, ब्लूमिंग्टनच्या बाजूला. इथे २०१८ चा कायदा आहे, आणि त्याची पद्धत तुमच्याहून पूर्ण वेगळी. प्रकल्पाची किंमत कायद्यातच लिहून ठेवलीय, दर मेगावॉटला २,१८,००० डॉलर. प्रत्यक्षात किती खर्च आला ते विचारतच नाहीत. त्या आकड्याला दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवायचं, मग २५ वर्षांचं आयुष्य धरून घसारा काढायचा, आणि घसारा ७० टक्क्यांवर थांबवायचा. जे उरतं त्याचा एक तृतीयांश म्हणजे असेस्ड व्हॅल्यू, त्यावर गावाचा जो दर असेल तो.

तुमचा प्रकल्प इथे असता तर मूळ आकड्यानं, महागाईची वाढ न धरता, किंमत २ कोटी ६१ लाख ६० हजार, तिचा तिसरा हिस्सा ८७ लाख २० हजार, आणि एकूण दर समजा ७ टक्के धरला तर पहिल्या वर्षी ६,१०,००० च्या आसपास. म्हणजे तुमच्या ७,००० पेक्षा कमीच झाला की. आणि पुढे उतरत जाणार.

पण एक गोष्ट मला आवडते, इथे काउंटीला वाटाघाटी करत बसावं लागत नाही, असेसरला अंदाज बांधावा लागत नाही, आणि कंपनी दरवर्षी अपील करून किंमत पाडून घेत नाही. या कायद्याआधी प्रत्येक काउंटी आपापल्या परीनं किंमत काढायची, आता राज्यभर एकच सूत्र.

ओढ्याकाठी

@कोरडवाहू, धन्यवाद, हे नीट मांडलंत. उतरत जाणार म्हणजे किती? माझ्या डोक्यात आत्तापर्यंत फक्त पहिल्या वर्षाचा आकडा होता.

कोरडवाहू

महागाई अडीच टक्के धरून वहीत मांडून बघितलं. दहाव्या वर्षी घसारा ४० टक्के, पण तोवर मूळ आकडा वाढलेला असतो, त्यामुळे रक्कम पहिल्या वर्षाच्या पाऊणपट राहते. अठराव्या वर्षी घसारा ७० ला थांबलेला असतो, तेव्हा निम्म्याहून थोडी कमी. आणि मजेची गोष्ट म्हणजे तिथून पुढे ती परत हळूहळू वर जाते कारण घसारा थांबला पण महागाई चालूच.

तुमचे ७,००० मात्र पंचवीस वर्षं ७,०००च. कागदावर तेवढेच, पण महागाईत झिजतात.

मेघडंबरी

मी व्हर्जिनिया. आमच्याकडचा प्रकार ऐका, कारण इथे जे कळलं ते मला आधी कळायला हवं होतं.

व्हर्जिनियात २०२० मधे 'रेव्हेन्यू शेअर' आणलं. काउंटी ठराव करून दर मेगावॉटला वर्षाला १,४०० डॉलरपर्यंत घेऊ शकते, आणि १ जुलै २०२६ पासून दर पाच वर्षांनी ती मर्यादा १० टक्क्यांनी वाढणार. १२० मेगावॉटचे झाले १,६८,०००. तुमच्या पाचव्या हिश्श्याइतके. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा संतापले होते, म्हटलं एवढ्या हजार एकरांच्या बदल्यात हे?

दुसरा पर्याय म्हणजे यंत्रसामग्रीवरचा नेहमीचा कर, पण त्यात मोठ्या प्रकल्पांना राज्यानंच सूट देऊन ठेवलीय, पहिली पाच वर्षं ८० टक्के, पुढची पाच ७०, नंतर ६०. आणि खरी गोम पुढे आहे. आमच्याकडे शाळांना राज्याकडून किती पैसे मिळायचे हे 'लोकल कॉम्पोझिट इंडेक्स' ठरवतो, म्हणजे गाव स्वतः किती खर्च पेलू शकतं याचं मोजमाप. नेहमीचा कर घेतला तर प्रकल्पाची किंमत त्या मोजमापात धरली जाते, गाव कागदावर श्रीमंत दिसतं, आणि राज्य शाळेचे पैसे कमी करतं. एका हातानं मिळालं ते दुसऱ्या हातानं गेलं. रेव्हेन्यू शेअरचे पैसे त्यात धरत नाहीत. म्हणून बऱ्याच काउंट्या कमी दिसणारी रक्कम घेतात.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच की हिअरिंगच्या आधी शाळेच्या ट्रेझररला भेटा आणि सरळ विचारा, हे पैसे आले तर राज्याकडून येणारे किती कमी होतील? पैसे आले एवढंच बघू नका, आल्यावर काय जातं तेही बघा.

निवांत_दुपार

मेघडंबरी ताईंना +१. टेक्सासमधे आमचं अगदी असंच झालंय, फक्त उलट्या बाजूनं.

आमच्याकडे २०२२ च्या शेवटपर्यंत चॅप्टर ३१३ होतं, त्यात स्कूल डिस्ट्रिक्ट मोठ्या प्रकल्पाची करपात्र किंमत दहा वर्षं मर्यादित ठेवू शकायचं. विधिमंडळानं ते संपू दिलं. २०२३ मधे एचबी ५ नावानं नवीन योजना आणली पण त्यात सोलर आणि विंड मुद्दाम बाहेर ठेवले. काउंटी अजून दहा वर्षांपर्यंत सूट देऊ शकते, शाळा नाही. तर आता नव्या सोलरला शाळेचा कर पूर्ण लागतो. लोक खूश झाले की आता शाळा श्रीमंत होणार. पण इथे किंमत ठरवतो अप्रेझल डिस्ट्रिक्ट, आणि सोलरची किंमत पहिल्या काही वर्षांत धाडकन खाली येते. आणि ज्या डिस्ट्रिक्टची मालमत्ता मुलांच्या मानानं जास्त, त्याच्याकडून राज्य 'रिकॅप्चर' म्हणून पैसे परत घेतं.

आमच्या शेजारच्या एका डिस्ट्रिक्टनं (नाव घेत नाही) पहिल्या दोन वर्षांचा आकडा बघून माणसं वाढवली. शिक्षक नाही, ऑफिसातली. चौथ्या वर्षी किंमत खाली आल्यावर कपात करायची वेळ आली तेव्हा कपात मात्र वर्गातून झाली. मला त्याचा अजून राग येतो. म्हणून तुमचे सरळ ७,००० म्हणजे मला तर सोनं वाटतंय, दरवर्षी तेवढेच येणार हे माहीत असेल तर शाळा नीट बजेट तरी करू शकते.

पाऊलवाट७४

मिनेसोटातून. इथे ना क्षमतेवर ना किमतीवर, तर तयार झालेल्या विजेवर कर आहे. एक मेगावॉटपेक्षा मोठ्या प्रकल्पांना दर मेगावॉट-तासाला १ डॉलर २० सेंट. यंत्रावर प्रॉपर्टी टॅक्स नाही, खालच्या जमिनीवर मात्र आहे. वर्षभरात क्षमतेच्या २० टक्के वीज धरली तर १२० मेगावॉटचे साधारण अडीच लाख डॉलर होतात.

ऐकायला न्याय्य वाटतं, जेवढं पिकलं तेवढ्यावर वाटा, आपल्या आजोबांच्या बटाईसारखं. पण बर्फ पडलं, ढगाळ वर्ष गेलं, किंवा ग्रिडवर जागा नाही म्हणून त्यांनाच उत्पादन थांबवायला सांगितलं, तर गावाचे पैसे कमी. गावाची त्यात काहीच चूक नसते. आणि वाटप बघा, ८० टक्के काउंटीला, २० टक्के शहराला किंवा टाउनशिपला. शाळेला त्यातून थेट काहीच नाही! माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांना वाटतं की सोलरमुळे शाळेला पैसे येतात.

ओढ्याकाठी, तुमच्याकडे ७,००० कोणाला आणि वरचे २,००० कोणाला जातात ते बघितलंत का? मला वाटतं दोन्हीचा रस्ता एक नसावा.

ओढ्याकाठी

@पाऊलवाट७४, तुम्ही अगदी नेमकं बोट ठेवलंत. आत्ता कायद्याचं ते कलम परत वाचलं. ७,००० चं वाटप नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या प्रमाणात होतं, म्हणजे शाळा, काउंटी, टाउनशिप, लायब्ररी, ज्याचा जेवढा मिल (कराचा दर) तेवढा वाटा, आणि आमच्याकडे त्यात शाळेचा वाटा सगळ्यात मोठा. वरची रक्कम मात्र थेट काउंटीच्या जनरल फंडात जाते, कशासाठीही वापरता येते. शाळेचा त्यावर कायद्यानं काही हक्क नाही.

म्हणजे '७ का ९' हा जो सगळ्या गावाचा वाद चाललाय, त्यातल्या वरच्या २,४०,००० चा शाळेशी संबंधच नाही. कमिशनर्सना मात्र त्यात रस असणार हे उघड आहे.

शेवंती_के

थोडं अवांतर, पण वाचणाऱ्या काहींना उपयोगी पडेल. कॅलिफोर्नियात घरावर सोलर लावलं तर त्यामुळे घराची करासाठीची किंमत वाढत नाही. प्रॉपर्टी टॅक्सच्या वाढीला आवर घालणाऱ्या १९७८ च्या प्रपोझिशन १३ नंतर १९८० मधे मतदारांनी घटनेत ही मुभा दिली, कायद्यात ते कलम ७३ म्हणून आहे. आणि हे फक्त छतापुरतं नाही, वाळवंटातले मोठमोठे प्रकल्पसुद्धा यातच येतात.

गंमत, म्हणजे गंमत नाहीच, अडचण अशी की सूट मालक बदलेपर्यंतच. आम्ही सोलर असलेलं घर विकत घेतलं तेव्हा आधीच्या मालकाच्या बिलाकडे बघून बजेट केलं आणि पहिलं बिल आल्यावर धक्का बसला, कारण आम्ही दिलेली पूर्ण किंमत, सोलरसकट, करासाठी धरली गेली. एजंटनं काही सांगितलं नव्हतं. मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत हाच प्रश्न काउंट्यांना पडतो, कारण ते प्रकल्प हातोहात विकले जातात आणि मालकी बदलली की नाही हेच कागदावर ठरवायला अवघड जातं. तर तुमच्या ठरावात प्रकल्प विकला गेला तर नवा मालक बांधील राहील हे आहे ना, तेवढं बघा.

रानजाई

न्यूयॉर्क राज्य, पण शहर नाही, वरचा भाग. माझा मुद्दा तारखांचा आहे.

आमच्याकडे कलम ४८७ प्रमाणे सोलरला १५ वर्षं प्रॉपर्टी टॅक्समधून सूट, मात्र काउंटी, टाउन, स्कूल डिस्ट्रिक्ट हे प्रत्येकजण स्वतंत्रपणे त्यातून बाहेर पडू शकतात. बाहेर नसतील पडले तर ते 'पायलट' मागू शकतात, म्हणजे कराऐवजी करारानं ठरलेली वार्षिक रक्कम. पण कसं, की कंपनीनं 'आम्ही प्रकल्प करतोय' असं पत्र पाठवलं की ६० दिवसांच्या आत कळवावं लागतं की आम्हाला पायलट हवंय. नाही कळवलं तर हक्क गेला.

एका छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टमधे मी तेव्हा पालक समितीवर होते. पत्र जूनच्या शेवटी आलं, सुट्टी होती, पत्र कोणाच्या तरी ट्रेमधे राहिलं. सप्टेंबरमधे उघडलं तेव्हा दिवस उलटून गेलेले. वकिलानं काय ते सांगितलं आणि सगळे गप्प बसून राहिले. मी अजूनही त्या मीटिंगचा विचार करते. कोणाचा वाईट हेतू नव्हता, चोरी नव्हती, फक्त एक लिफाफा. पंधरा वर्षं.

म्हणून माझी कळकळीची विनंती, तुमच्या कायद्यात कोणाला कोणतं उत्तर कधीपर्यंत द्यायचं त्याच्या तारखा काढा आणि त्या शाळेच्या माणसाला, टाउनशिपच्या ट्रस्टीला, काउंटीच्या क्लार्कला लेखी द्या. तोंडी नको.

निवांत_दुपार

रानजाई ताई, वाचून पोटात कालवलं.

भुईकमळ

मी जरा उलट बोलणार आहे, राग मानू नका. पेनसिल्व्हेनियात आमची स्वतःची ६५ एकर जमीन आहे, त्यातली ४० लीजवर मागितली होती. सगळे गावाला काय मिळतं ते बोलतायत, पण जमीनमालकाच्या डोक्यावर काय बसतं तेही बघा.

इथे शेतजमिनीला 'क्लीन अँड ग्रीन'खाली कमी कर असतो, १९७४ चा कायदा. जमीन व्यावसायिक सोलरला दिली की रोलबॅक लागतो, म्हणजे मागच्या सात वर्षांचा वाचवलेला कर आणि त्यावर दरसाल ६ टक्के व्याज. नॉर्थ कॅरोलायनात माझा मेहुणा आहे, तिथे तीन वर्षांचा. ओहायोतही शेतीचा सवलतीचा कर सोडला की तीन वर्षांची वसुली असते असं ऐकून आहे, टेक्सासमधेही आता तीनच, आधी पाच होती.

आम्हाला जो लीजचा मसुदा आला त्यात 'जमिनीवरील वाढीव कर भाडेकरू भरेल' असं वाक्य होतं, आणि आम्ही समाधानी होतो. वकिलानं दाखवलं की वाढीव म्हणजे पुढचा, मागचा रोलबॅक त्यात येत नाही. ते एक वाक्य बदलून घ्यायला दोन महिने लागले, पण घेतलं. तुमच्या पाच-सहा शेतकऱ्यांपैकी कोणी वयस्कर असतील, एकटे असतील, तर त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं. विरोधात असाल तरी सांगा, शेजारी आहेत ते.

ओढ्याकाठी

@भुईकमळ, राग कसला, उलट हे मी उद्याच करणार. त्यातल्या एका आजोबांकडून आम्ही अंडी घेतो, मुलगा दूर असतो त्यांचा. हो, इथे सवलतीचा शेतीकर म्हणजे सीएयूव्ही, आणि वसुली तीन वर्षांच्या फरकाची.

सांजवात

एवढं सगळं वाचलं. मी नेब्रास्कात, लिंकनला. आमचंही सांगते, फारसं नाही. इथे 'नेमप्लेट कपॅसिटी टॅक्स', म्हणजे प्रकल्पाच्या क्षमतेवरचा कर, दर मेगावॉटला ३,५१८ डॉलर, दरवर्षी. आधी फक्त विंडला होता, नंतर सोलरलाही आला. तुमच्या १२० चे ४,२२,०००. तो आकडाही वर्षानुवर्षं तसाच आहे, महागाईशी जोडलेला नाही. व्हर्मॉन्टमधे असंच, दर किलोवॉटला ४ डॉलर, म्हणजे मेगावॉटला ४,०००.

पण मला विचारायचंय की कमिशनर्सनी 'नाही' म्हटलं तर काय होतं? प्रकल्प पूर्ण कर भरणार का? मग तर जास्तच मिळतील ना गावाला?

मेगावॉट_मामा

सांजवात, हा खरा प्रश्न आहे. मी १८ वर्षं याच क्षेत्रात काम केलंय, आधी प्रकल्प करणाऱ्यांकडून, आता काउंट्यांना सल्ला देतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं कळतं.

कमिशनर्सनी ठराव नाकारला तर कायद्यानं प्रकल्पाला नेहमीचा युटिलिटी प्रॉपर्टी टॅक्स लागेल, तो सुरुवातीला जास्त असतो आणि मग घसाऱ्याबरोबर खाली येतो. आता कंपनी म्हणते की एवढा कर लागला तर प्रकल्प होणारच नाही. हे दर वेळी खरं नसतं, पण दर वेळी खोटंही नसतं. वीजविक्रीचा करार आधी झालेला असेल तर दर ठरलेला असतो, वरून आलेला कर ते ग्राहकावर टाकू शकत नाहीत. पहिल्या पाच-सात वर्षांत कर्जाचा हप्ता सगळ्यात जड असतो आणि नेहमीचा कर नेमका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो, म्हणून बँक हात आखडते. सपाट रक्कम म्हणजे तोच भार वर्षांवर पसरवणं. नुसती करमाफी म्हटलं की ही बाजू दिसत नाही.

दुसरं, आत्ता घाई का आहे ते समजून घ्या. जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं सोलरची टॅक्स क्रेडिट्स (केंद्रीय करातली सवलत) आखडली. ४ जुलै २०२६ च्या आत बांधकाम सुरू झालं नाही तर प्रकल्प २०२७ संपायच्या आत चालू व्हायला हवा, नाहीतर क्रेडिट नाही. म्हणून प्रत्येक कंपनी तुम्हाला सांगेल की ठराव आत्ताच्या आत्ता करा. घाई त्यांची आहे, तुमची नाही. पण त्या घाईमुळेच या वेळी काउंटीला मागायची ताकदही आहे. रस्त्यांचा करार, निचऱ्याच्या पाइपांची दुरुस्ती, प्रकल्प संपल्यावर सगळं उचलून न्यायची आर्थिक हमी, हे ठरावाच्या आधी लेखी घ्या. ठराव हातात गेला की मागून काही मिळत नाही, हे मी स्वतः पलीकडच्या टेबलावर बसून बघितलंय, आणि तेव्हा जे गप्प राहिलो त्याचं वाईट वाटतं.

आणि २०२१ चं सिनेट बिल ५२ विसरू नका. त्यामुळे ओहायोत काउंटी ५० मेगावॉट आणि त्यावरच्या सोलरला आपल्या हद्दीतल्या ठराविक भागात बंदी घालू शकते, आणि वीजप्रकल्पांच्या जागेला मंजुरी देणाऱ्या राज्याच्या पॉवर सायटिंग बोर्डावर त्या प्रकल्पापुरते दोन स्थानिक प्रतिनिधीही बसतात. बऱ्याच काउंट्यांनी बंदी घातलीय. म्हणजे जागेचा निर्णय वेगळा, कराचा वेगळा. ज्यांना प्रकल्पच नकोय त्यांनी तो मुद्दा तिथे मांडावा. कराचा ठराव वापरून प्रकल्प मारायला गेलात तर कधी कधी प्रकल्प होतो आणि अटी तेवढ्या हातच्या जातात.

कोरडवाहू

मामा, उत्तम. मी अजून एक हिशेब करून बघितला. महागाई अडीच टक्के धरली तर अठराव्या वर्षी ओहायोच्या ७,००० ची आजच्या पैशात किंमत साधारण ४,५००. आमच्या इलिनॉयच्या सूत्रात त्याच वर्षी आजच्या पैशात सुरुवातीच्या ३० टक्के उरतात. म्हणजे महागाईशी न जोडलेली सपाट रक्कमसुद्धा जोडलेल्या पण घसरत्या रकमेपेक्षा बरी पडतेय. मला स्वतःला हे उलट वाटलं होतं, इतकी वर्षं मी आमच्या कायद्यातल्या महागाईच्या कलमाचं कौतुक करत होतो.

पण ७,००० हा आकडा २०१० चा आहे हे मात्र बोला. तेव्हाचे ७,००० आजच्या १०,००० च्या आसपास होतात. तो बदलायचा तर काउंटीत नाही, कोलंबसला राज्याच्या विधिमंडळात बदलावा लागेल, तुमच्या राज्य प्रतिनिधीला पत्र लिहा.

ओढ्याकाठी

मंडळी, काल हिअरिंग झालं, सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

आधी शाळेच्या ट्रेझरर बाईंना भेटलो. त्यांनी वाटपाचा तक्ता काढून दिला, शाळेचा हिस्सा निम्म्याहून बराच जास्त आहे. राज्याच्या अनुदानावर काय परिणाम होईल हा प्रश्न त्यांना याआधी कोणीच विचारला नव्हता, त्यांनी राज्याच्या शिक्षण खात्याला ईमेल केलाय, उत्तर यायचंय. अंडीवाल्या आजोबांकडे गेलो. त्यांच्या लीजमधे अगदी भुईकमळ म्हणाले तेच वाक्य निघालं, 'वाढीव कर'. त्यांनी सही केलेली आहे, पण बाकीच्यांपैकी दोघांनी अजून नाही, आणि आता ते पाचही जण मिळून एकच वकील करतायत.

हिअरिंगला हॉल भरलेला होता. मी तीन मिनिटांत चार गोष्टी बोललो. ७,००० आणि वरचे २,००० हे दोन वेगळ्या खिशांत जातात. पहिल्या वर्षाचा आकडा बघून कोणी खूश किंवा नाराज होऊ नये, पंचविसाव्या वर्षापर्यंतचा तक्ता भिंतीवर लावावा. प्रकल्प विकला गेला तर नवा मालक बांधील असल्याचं ठरावातच लिहावं. आणि रस्ते, पाइप, शेवटची हमी यांचे करार सही होऊन समोर आल्याशिवाय ठरावाला मतदान घेऊ नये. आवाज थरथरत होता, खरं सांगतो. खाली बसल्यावर विरोधातला एक शेतकरी, ज्याच्याशी सहा महिने बोलणं नव्हतं, तो मागून वाकून म्हणाला की तो तक्ता मलाही दे.

मतदान पुढे ढकललंय, दोन आठवडे. एका कमिशनर बाईंनी काउंटीच्या वकिलांना विचारायला सांगितलंय की वरच्या रकमेतला काही भाग टाउनशिपच्या रस्त्यांसाठी बांधून ठेवता येतो का, की जनरल फंडात गेली की मोकळीच. मामा, तुम्ही काउंट्यांना सल्ला देता म्हणून विचारतो, असं कुठे केलेलं बघितलंय का?

मेगावॉट_मामा

जनरल फंडात गेलेला पैसा कायद्यानं मोकळाच राहतो, पण कमिशनर्स स्वतंत्र ठराव करून टाउनशिपशी करार करू शकतात का ते त्यांच्या वकिलांनी लेखी द्यायला हवं. माझा सल्ला, त्या आशेवर राहू नका. रस्त्याचं काम कंपनीच्याच करारात घाला, तिथे ते कायद्याचीच अट आहे, त्यासाठी काउंटीच्या खिशात हात घालायची गरज नाही. मसुदा मिळाला की पाठवा, मी रविवारी बसून वाचतो.

रानजाई

आणि शिक्षण खात्याचं उत्तर आठ दिवसांत आलं नाही तर परत ईमेल करायला सांगा त्या बाईंना. मतदानाच्या आधी कागद हातात हवा.

ओढ्याकाठी

सोमवारी सकाळी शाळेत जाऊन विचारतो. बायको म्हणतेय तीच विचारेल, पण मी जाणार. मसुदा आला की मामा, तुम्हाला पाठवतो.